गुडघ्यातली फट

आर्विड निगार्डने एक्स-रेची जुनी फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटपट्टीने डकवली आणि बायकोला म्हणाला, "आता संगणकावर नवा फोटो उघड."

बाहेर अंगणभर बर्फ आणि बर्फावर ऊन, त्यामुळे फिल्म अशी उजळली की हाडन् हाड मोजून घ्यावं. फिल्म त्याच्या डाव्या गुडघ्याची, तो एकतीस वर्षांचा होता तेव्हाची. एका वासराने लाथ घातली होती. मोडलं काही नव्हतं, पण फिल्म त्याने जपून ठेवली, म्हणजे गॅरेजच्या फुटक्या तावदानाला लावली, आणि ती तिथे इतकी वर्षं वारा अडवत बसली. नवा फोटो परवाचा, त्याच गुडघ्याचा. दवाखान्यातल्या मुलीने त्याला मशीनसमोर उभं करून दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले होते आणि संगणकाच्या तबकडीत घालून दिले होते. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात होती. पण आर्विडला कुठला धीर!

"हे बघ आयडेला. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं. एकतिसाव्या वर्षी मधे केवढी फट होती! आणि आता? आतल्या अंगाला फट औषधालासुद्धा नाही. हाडावर हाड कसं चपखल बसलंय."

"मग?" आयडेला बटाटे सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं.

"मग काय मग! गुडघा घट्ट झालाय. पूर्वी ढिला होता, आता बसला. आणि हा उजवा बघ. याच्यात अजून फट आहे. बिघडलाय तो हा."

"दुखतो कुठला?"

"डावा."

"आणि बिघडलाय उजवा."

"नवं बेअरिंगसुद्धा सुरुवातीला जडच फिरतं. तुला नाही कळायचं."

"लोक म्हणतात, एखाद्याचा मेंदू गुडघ्यात असतो," आयडेला म्हणाली. "तुझा तिथेच आहे हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. फोटोत दिसतो का तेवढं बघ."

आता याला कुणी आर्विडचा अडाणीपणा म्हणेल, तर म्हणो बापडा. माणूस अडाणी नव्हता. टॅमरॅक गावात आणि आजूबाजूच्या गव्हाच्या शेतांत जेवढी म्हणून कापणीयंत्रं आणि ट्रॅक्टर होते, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात त्याने हात घातला होता. बेअरिंग धरून हलवायचं, खडखडलं की समजायचं झिजलं. दोन भागांत फट पडली, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'प्ले' आला, की तो भाग काढायचा आणि नवा घालायचा. फट नाही, खडखड नाही, तर भाग अजून कितीतरी हंगाम चालणार. ज्या नियमावर जन्मभर पोट भरलं तो नियम आपल्याच गुडघ्याला लागू नाही, असं कुठल्या मेकॅनिकच्या मनात येईल?

हा नियम त्याने आपल्या गुडघ्यापुरता ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. पण तीन हिवाळ्यांपूर्वी त्याने तो ऑरेस्ट पाझ्युकच्या गुडघ्यांना लावला होता आणि जिवाभावाचा मित्र घालवून बसला होता.

ऑरेस्ट आणि तो शाळेपासूनचे. दोघांची शेतं नव्हती तरी धंदे शेतकऱ्यांवरच. ऑरेस्ट धान्याच्या कोठारावर, आर्विड गॅरेजात. हिवाळा आला की दोघंही कर्लिंगच्या क्लबात. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या गावाला हिवाळ्यात दुसरं करायचं तरी काय असतं? मंगळवारच्या संघात आधी ऑरेस्टचे दगड, मग आर्विडचे. गुळगुळीत ग्रॅनाइटचा जड दगड हाताशी घ्यायचा, एक गुडघा छातीशी दुमडून बर्फावरून घसरत जायचं, हनुवटी जवळजवळ बर्फाला टेकायची, आणि मग दगड सोडायचा. तो पलीकडच्या टोकाला काढलेल्या वर्तुळात, म्हणजे घरात, जाऊन थांबला पाहिजे. पोरांना हे सोपं जातं. सत्तरीतल्यांचे गुडघे कुरकुरतात. त्यांच्यासाठी काठी असते: दगडाच्या मुठीला ती अडकवायची, उभ्यानेच चालत जायचं आणि दगड ढकलून सोडायचा. नियम एवढाच, की काठी घेतली तर अख्खा सामना काठीनेच. एक दगड असा, एक तसा, हे चालत नाही.

काठीवाल्यांची आर्विडने कायम टिंगल केली. काठीला तो उलथनं म्हणायचा. "चालले बघा आजोबा, बर्फावर धिरडी उलटायला!"

तर त्या हिवाळ्यात एका सकाळी ऑरेस्ट क्लबच्या मोठ्या गोल टेबलाशी आला. सगळी मंगळवारची मंडळी कॉफी घेत बसली होती. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि आर्विडसमोर ठेवला. कागदावर त्याच्या दोन गुडघ्यांचा एक्स-रे छापलेला होता.

"बघ रे जरा," ऑरेस्ट म्हणाला.

आर्विडने कागद उजेडाला धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि एखादं इंजिन तपासावं तसं मन लावून पाहिलं. हाडावर हाड, दोन्हीकडे. कडा पांढऱ्याशुभ्र, म्हणजे हाड चांगलं पोलादासारखं कडक.

"अरे, हा तर शंभर नंबरी माल आहे!" त्याने सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं सांगितलं. "कुठे फट नाही की काही नाही. कंपनीतून आत्ता बाहेर पडल्यासारखा! आणि हे महाशय कालपासून मला म्हणतायत, यंदा काठी घेतो. नाचता येईना अंगण वाकडं, तसं आहे याचं. दगड सोडता येईना, गुडघा वाकडा!"

टेबल खो खो हसलं. ऑरेस्टही थोडा हसला. मग त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि कॉफी अर्धी टाकून उठला. पुढच्या आठवड्यापासून तो गुरुवारच्या काठीवाल्यांत खेळू लागला. त्यानंतर पोस्टात दोघं समोरासमोर आले तर मान हलवायचे, बस्स. त्यांच्या बायका अजूनही चर्चच्या तळघरात शेजारी बसून पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडीच्या करंज्या, वळत होत्या आणि दोघांचाही उद्धार करत होत्या.

"जा, बोल त्याच्याशी," आयडेलाने किती वेळा सांगितलं.

"रुसलाय तो. मी का जाऊ?"

"मोडेन पण वाकणार नाही, असं म्हणतात ते तुझ्यावरूनच. आता गुडघासुद्धा तेच म्हणायला लागलाय."

खरं सांगायचं तर आर्विडला करमत नव्हतं. मंगळवारी चांगला दगड पडला की तो सवयीने मागे वळून बघायचा, आणि तिथे ऑरेस्टच्या जागी न्हाव्याचा जावई उभा असायचा. जावई चांगला होता बिचारा. पण शिव्या देण्याइतकी त्याची ओळख नव्हती.

असो. एक्स-रे वाचून झाल्यावर आर्विडने उपचारही स्वतःच सुरू केले. उजव्या, 'बिघडलेल्या' गुडघ्याला पट्टा बांधला आणि सगळा भार घट्ट झालेल्या डाव्यावर टाकायला सुरुवात केली. जिना चढताना डावा पाय आधी. उतरताना मात्र तो पाठमोरा उतरायचा, कठडा दोन्ही हातांनी धरून, आणि आयडेला काहीतरी विसरल्यासारखी त्याच्या खालच्या पायरीवर घोटाळायची. तो पडला असता तर ती त्याला काय धरणार होती, देव जाणे. दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

मंगळवारी तो खेळायला गेला. डावा गुडघा छातीशी दुमडला, घसरत गेला, दगड सोडला. दगड उत्तम पडला. फक्त आर्विड उठला नाही. उठायचा हुकूम त्याने गुडघ्याला दोनदा दिला, गुडघ्याने ऐकलं नाही. शेवटी दोघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं.

"बर्फ फार गुळगुळीत केलाय आज," आर्विड म्हणाला.

"बर्फ गुळगुळीतच असतो," न्हाव्याचा जावई म्हणाला.

डॉक्टर ओबिओरा नायजेरियाहून आलेल्या. टॅमरॅकची थंडी त्यांनी अजून मान्य केलेली नव्हती. पांढऱ्या कोटाखाली दोन स्वेटर असायचे. त्यांनी पडदा आर्विडकडे वळवला आणि त्या तोंड उघडणार, इतक्यात आर्विडनेच त्यांना फोटो समजावून सांगायला सुरुवात केली. प्ले, बेअरिंग, घट्ट, ढिला, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमची जुनी फिल्म आहे ना? द्या इकडे." त्यांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली. "मला सांगा, इंजिनाचा एक्स-रे काढला तर त्यात काय दिसेल?"

"लोखंड."

"आणि रबराचं पॅकिंग?"

"ते कसं दिसेल? रबर आहे ते. दिसायचं नाही."

"मग दोन लोखंडांच्या मधे जिथे पॅकिंग आहे, तिथे फोटोत काय दिसेल?"

आर्विडने पुढे वाकून जुनी फिल्म पुन्हा बघितली.

"फट," तो शेवटी म्हणाला.

"फट. तीच तुमच्या गुडघ्याची गादी. ती फोटोत येत नाही, तिची जागा तेवढी दिसते. एकतिसाव्या वर्षी भरपूर होती. आता आतल्या बाजूची संपली. हाडावर हाड बसलंय हे तुम्ही बरोबर पाहिलंत, अर्थ तेवढा उलटा लावलात. ही कडेला टोकं आलीत ना, तेही वाढलेलं हाडच. आणि इथे जास्त पांढरं दिसतंय, तिथे भार पडून पडून हाड कडक झालंय. वय झालं की केस पिकतात, तसं हे. त्यात वासराची लाथ आणि उकिडवं बसून केलेलं जन्माचं काम."

"आणि उजवा?"

"उजवा तुमच्या वयाच्या मानाने छान आहे." त्यांनी त्याच्या उजव्या गुडघ्यावरचा पट्टा पाहिला आणि ओठ घट्ट मिटले. तरी हसू फुटलंच. "हा काढा आणि शेजारच्या डाव्याला बांधा."

मग त्यांनी व्यायाम सांगितले, वजन उतरवायला सांगितलं, गोळी लिहून दिली, आणि फारच झालं तर सांधा बदलता येतो हेही सांगितलं. "कर्लिंग खेळता म्हणे. आता उकिडवं बसून नको. पुन्हा कधीच नको. काठीने खेळा की!"

एरवी काठी शब्द ऐकून आर्विड खुर्चीतून उडाला असता. गुडघ्याने उडू दिलं असतं तर. पण त्याचं लक्षच नव्हतं.

"डॉक्टर, दोन्ही गुडघ्यांत फट नसेल तर? फार दुखत असेल?"

"सगळ्यांना सारखं नाही दुखत. कुणाचा फोटो भयंकर असतो आणि माणूस नाचत असतो. कुणाचं उलट. किती दुखतं ते फोटोत दिसत नाही. ते विचारावं लागतं."

गाडीत बसून आर्विडने किल्ली लावली, पण फिरवली नाही. डोळ्यांसमोर ऑरेस्टचा तो कागद. हाडावर हाड, दोन्हीकडे. आणि आपण काय म्हणालो? शंभर नंबरी. भरल्या टेबलासमोर, आणि वर ते अंगण वाकडं! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले, बाहेर उणे तीस असताना.

घरी आल्यावर त्याने आयडेलाला सगळं सांगितलं. गुडघ्याचं एका वाक्यात आणि ऑरेस्टचं बराच वेळ. तिने 'मी म्हटलं नव्हतं' असं म्हटलं नाही. पहिल्यांदाच म्हटलं नाही, आणि त्यामुळे त्याला आणखी वाईट वाटलं.

"उद्या गुरुवार आहे," ती फक्त एवढंच म्हणाली. "त्याचा जोडीदार ॲरिझोनाला पळालाय, उन्हाला. कालच स्टेफा सांगत होती."

स्टेफा म्हणजे ऑरेस्टची बायको. पिरोगी वळणाऱ्यांना सगळं माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी आर्विड फिल्म काखोटीला मारून क्लबात गेला. ऑरेस्ट बाकावर बसून बूट चढवत होता. गुडघा वाकवत नव्हता म्हणून पाय लांब करून, बुटाच्या लांबलचक चमच्याने. आर्विड समोर जाऊन उभा राहिला.

"ऑरेस्ट."

"बोल." चमचा थांबला नाही.

"फट म्हणजे झीज नाही. फट म्हणजे पॅकिंग. फोटोत दिसत नाही ते."

"बरं."

"तुझ्या दोन्ही गुडघ्यांतलं पॅकिंग गेलेलं होतं. मी उलटं वाचलं. हे बघ, ही माझी जुनी फिल्म, ह्यात बघ कशी..."

"ठेव ती फिल्म," ऑरेस्ट म्हणाला. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पॅकिंग गेलंय ते. डॉक्टरने मला आधीच सगळं सांगितलं होतं. मग मी तुझ्याकडे आलो."

आर्विड बघतच राहिला. "मग तिथल्या तिथे बोलला का नाहीस? गाढवा, उलटं वाचतोयस, असं तोंडावर सांगायचंस ना!"

"तुला तो वाचायला दिलाच नव्हता, लेका." ऑरेस्टने चमचा बाकावर ठेवला. "दुखत होतं मला. रात्र रात्र. तोंडाने म्हणायची लाज वाटली म्हणून कागद पुढे केला. म्हटलं, हा बघेल आणि विचारेल. तू वाचून दाखवलास."

आर्विडने फिल्म बाकावर ठेवली. शेजारच्या बर्फावर कुणाचा तरी दगड दुसऱ्या दगडावर खणकन आपटला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. आणि मग, "दुखतं का रे अजून?"

"रोज. डावा जास्त. जिना उतरताना तर आई आठवते."

"मी पाठमोरा उतरतो," आर्विड म्हणाला.

"काय?"

"कठडा धरून. उलटा. आयडेला खाली उभी राहते."

ऑरेस्टने पहिल्यांदा नीट मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू मोडला आणि तो असा हसला की डोळ्यांत पाणी आलं. "स्टेफा पण!" तो म्हणाला. "स्टेफा पण उभी राहते! म्हणते, पडलास तर माझ्यावर पड, फरशी महाग आहे!"

हसून झाल्यावर त्याने बाकाखालून दुसरी काठी ओढली. ॲरिझोनावाल्याची. "घे. दगडाच्या मुठीला अडकव, चालत जा, सोडताना मनगट असं वळव. आणि उलथनं म्हणालास तर डोक्यात घालीन."

काठीच्या सामन्यात दोघांचाच संघ असतो. एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि मधे अख्खा बर्फ. जोडीदार सामनाभर एकमेकांजवळ येत नाहीत. आर्विडला आधी ते विचित्र वाटलं. मग बरं वाटायला लागलं. त्याचा पहिला दगड वाटेतच मेला, दुसरा भिंतीवर गेला, आणि त्या टोकाहून ऑरेस्टच्या शिव्या स्पष्ट ऐकू येत होत्या. तीन वर्षांत इतकं छान त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. नंतर नंतर मनगट जमलं. एक दगड तर थेट घराच्या मध्यावर जाऊन बसला, तेव्हा ऑरेस्टने त्या टोकाला टोपी काढली आणि पुन्हा घातली.

हरले, हे सांगायला नकोच. जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पहिला पेला पाजायचा ही तिथली रीत. त्याप्रमाणे चौघंही त्याच मोठ्या गोल टेबलाशी बसले. टेबलावर मंगळवारची दोन-तीन मंडळीही होती. त्यांनी आर्विडच्या खुर्चीला टेकलेली काठी पाहिली आणि एकमेकांना कोपर मारलं.

"काय हो निगार्ड," एकजण ओरडला, "कसं ते? नाचता येईना?"

सगळं टेबल आर्विडकडे बघू लागलं. ऑरेस्टनेही पेला खाली ठेवला.

"अंगण सरळ आहे," आर्विड म्हणाला. "गुडघाच वाकडा झालाय. खूप दुखतो."

कुणी हसलं नाही. दुखतो, हा शब्द त्या टेबलावर याआधी कुणी उच्चारलाच नव्हता. मग टेबलाच्या टोकाला बसलेला म्हातारा ग्रॅनहोम घसा खाकरून म्हणाला, "माझा खुबा," आणि त्याच्या शेजारचा म्हणाला, "मला तर रात्री कूससुद्धा बदलता येत नाही." सगळे एकदम बोलायला लागले.

आर्विडने टेबलावर हात रोवून उठायचा प्रयत्न केला. गुडघ्याने पुन्हा ऐकलं नाही.

"बस रे खाली," ऑरेस्ट म्हणाला आणि त्याच्यासाठी दुसरा पेला मागवला. "घाई कुणाला आहे?"